इंगळे मॅडमचं नाक

मला कामावर घेताना इंगळे मॅडमनी माझं शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं नाही. खुर्चीवरून उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मी मागे सरकलो. माझ्या बायकोनंही कधी असा घेतला नव्हता. मॅडम म्हणाल्या, सकाळी तंबाखू खाल्ली, मग कडुनिंबाची काडी चावली, वरून बडीशेप. एवढी मेहनत कामात केलीत तर बरं होईल, काका. तंबाखू सोडणार असाल तर उद्यापासून या.

माझी तंबाखू लग्नाच्या आधीपासूनची. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिच्यापायी शपथा घातल्या, अबोला धरला, एकदा डबी खाडीत फेकून दिली. काही उपयोग झाला नाही. मॅडमनी एका दिवसात सोडवली, कारण मला काम पाहिजे होतं. सुरतेजवळच्या पलसाण्याला, कापड रंगवायच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालण्यात माझं आयुष्य गेलं. म्हातारा झालो म्हणून मिलनं काढून टाकलं. घरी बसलेला माणूस घराला जड होतो, ते मला रोज दिसत होतं. तंबाखू सुटली त्या दिवसापासून सुमन मॅडमना मानायला लागली. तोवर तिनं त्यांना बघितलंही नव्हतं.

आता सुमन नाही. मॅडम आहेत, पण मी ज्या मॅडमविषयी सांगतोय त्या राहिल्या नाहीत. म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही धुळ्याकडच्या गावात. जमेल तसं लिहितो.

मॅडमचं युनिट सुरतेजवळच्याच सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत होतं. आजूबाजूला सगळे रंगाचे आणि केमिकलचे कारखाने, आणि मधोमध आम्ही वाटाणा दळायचो. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. वाटाण्यात कसलं आलंय संशोधन, भिजवा आणि उसळ करा. मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम रागावल्या नाहीत. दूध नासवलं की पनीर होतं ना, म्हणाल्या, तसंच समजा. वाटाण्याचं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात थोडा खार घालायचा, की प्रोटीन पाण्यात उतरतं. चोथा आणि स्टार्च मशिनमध्ये फिरवून वेगळा काढायचा. राहिलेल्या पाण्यात आंबट घातलं की प्रोटीन फाटून खाली बसतं. ते धुवायचं आणि गरम हवेत उडवून सुकवायचं. शेवटी हातात येते ती फिकट पिवळी भुकटी. मॅडम तिला सत्त्व म्हणायच्या. युनिटचा मालक, आमचा शेठ, तिला माल म्हणायचा.

त्या भुकटीला एकच रोग होता, वास. कच्ची शेंग मोडल्यावर येतो तसा, त्यात ओल्या पोत्याचा वास मिसळलेला, आणि गिळल्यावर मागून कडू. शेठला ती बिस्किटात घालायची होती, दुधासारख्या पेयात घालायची होती, मटणाच्या खिम्यासारखं काहीतरी करून विकायचं होतं. ताकद होती, पचायला बरी होती, सगळं होतं. पण तोंडाजवळ नेलं की माणूस तोंड फिरवायचा. शेठच्या बायकोनं तिचे खाखरे केले. शेठनं एक तुकडा खाऊन बाकीचे गाईला घातले. दुसऱ्या दिवशी हसमुखभाईंनी सगळ्यांसमोर शेठला विचारलं, गाईनं काय अभिप्राय दिला. हसमुखभाई म्हणजे आमचा मशिन चालवणारा माणूस, सुरतचाच, जिभेला हाड नाही.

मॅडमना बिस्किटाशी घेणं नव्हतं. त्यांचे वडील रेल्वेत खलाशी होते, भुसावळकडून बदलीवर उधन्याला आले आणि इथलेच झाले. शेवटच्या आजारात त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. मॅडम तेव्हा कॉलेजात होत्या, वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसायच्या. ते बघून त्यांना एक कळलं, ते त्यांनी मला सांगितलं. आजारी माणूस नाकानं जेवतो, काका. नाकानं नाही म्हटलं की तोंड उघडत नाही. दूध न चालणाऱ्या आजारी माणसाला पिता येईल असं काहीतरी त्यांना करायचं होतं, आणि त्याला वास असता कामा नये. एवढ्यासाठी त्यांनी सगळं सोडलं होतं.

सगळं म्हणजे खरंच सगळं. पावडर नाही, सुवासिक तेल नाही, केसात कधी फूल नाही. कपडे साध्या सोड्यात धुतलेले. अंगाला बेसन लावून अंघोळ. दिवाळीत अत्तर लावून कुणी आलं की त्या गेटच्या बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. हसमुखभाई त्यांना चिडवायचे, तर त्या म्हणायच्या, एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, पण त्यानं बूट दाराबाहेर काढले आणि मला आत कळलं. सांगून स्वतःच हसायच्या.

रोज सकाळी, चहाच्या आधी, आमची सभा भरायची. स्टीलच्या ग्लासात आदल्या दिवशीचं सत्त्व पाण्यात कालवून झाकून ठेवलेलं असायचं. मॅडम, हसमुखभाई, प्रयोगशाळेतली ज्योती आणि मी. एकेकानं जायचं, झाकण काढायचं, हुंगायचं, घोट घ्यायचा. एकमेकांशी बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मग डब्यात मत टाकायचं. वास आला तर हिरवा वाटाणा, नाही आला तर पांढरा. डब्याच्या झाकणाला भोक होतं, कुणी काय टाकलं ते दिसायचं नाही. मॅडमनी मुद्दामच असं केलं होतं. कागदावर लिहायला सांगितलं तर मी मागे पडलो असतो, तोंडी विचारलं तर सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं असतं. मग त्या डबा ताटात उपडा करायच्या. ताट रोज हिरवं. मॅडम म्हणायच्या, बरं, आज पुन्हा करू.

हुंगताना त्या डोळे मिटायच्या आणि मान जराशी तिरकी करायच्या. मला ते बघवत नसे. बंद दाराच्या मागे कोण उभं आहे ते माणूस कानोसा घेऊन ऐकतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

वास काढायला त्यांनी वाटाणा वाफवून बघितला, भाजून बघितला, आंबवून बघितला. शेवटी स्पिरिटनं धुवायची रीत बसवली. सत्त्व स्पिरिटमध्ये घुसळलं की बराचसा वास त्यात निघून जातो. त्यासाठी मागे वेगळी खोली होती. तिथं मोबाइल न्यायचा नाही, लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. स्पिरिट पाण्यासारखंच दिसतं, पण त्याची वाफ हवेत भरली आणि एक ठिणगी पडली की संपलं. भिंतीवर गळती ओळखणारं यंत्र होतं. ते जरा काही झालं की कोकलायचं, कधी कधी काही नसतानाही कोकलायचं. हसमुखभाईंनी त्याचा आवाज बंद करून टाकला. मॅडमना ते माहीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत, कारण कुठलीही गळती यंत्राच्या आधी त्यांना कळायची. दाराशी उभं राहून त्या हवा हुंगायच्या आणि म्हणायच्या, चला. मग आम्ही आत जायचो. कुणाच्या मनात शंका यायची नाही. एकदा त्यांनी गेटमधून पाऊल टाकताच ओरडून मशिन बंद करायला लावली होती. पट्टा आतल्या आत तापत होता, आम्ही शेजारी उभे होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्यानंतर त्या नाकावर आम्ही डोळे झाकून चाललो.

सुमन पहिल्यांदा युनिटवर आली ती दसऱ्याला, मशिनच्या पूजेला. मॅडम तिच्याशेजारी बसल्या, मावशी मावशी करून बोलत होत्या. सुमन घरात अहिराणीच बोलायची आणि बाहेरही तिला दुसरं काही नीट येत नसे. मॅडमच्या आईचं माहेर आमच्याच बाजूचं, त्यांना सगळं कळायचं. दोघी हसत होत्या. मग मॅडम उठून माझ्याकडे आल्या आणि मला पंपाच्या मागे नेलं. मावशींना डॉक्टरकडे न्या, म्हणाल्या, उद्यावर टाकू नका. त्यांच्या श्वासाला वास येतोय, मुतारीसारखा. मला राग आला. माझ्या बायकोविषयी कुणी असं बोलावं. पण ज्या नाकानं माझी तंबाखू, काडी आणि बडीशेप वेगवेगळी ओळखली त्याच्याशी भांडणार कसा. नेलं. दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

मग सुमनचं मशिनवर रक्त धुणं सुरू झालं. मशिनवर गेलेल्या माणसाला प्रोटीन जास्त लागतं आणि दूधडाळ मोजूनच द्यायची असते, असं तिथं सांगितलं. मॅडम स्वतः त्या डॉक्टरांना भेटल्या, सत्त्वात काय आहे काय नाही ते सगळं दाखवलं, त्यांनी हो म्हटल्यावरच डबा घरी आणला. सुमननं ग्लास नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. त्या आजारात तोंडाची चव तशीही लोखंडासारखी होते, त्यात हा वास. तिनं सरळ सांगितलं, ओलं पोतं शे. मॅडम म्हणाल्या, बरोबर.

तेव्हापासून मॅडमचं ठरलं. आमच्या चौघांचे वाटाणे एका बाजूला आणि सुमनचा घोट एका बाजूला. मावशी पूर्ण ग्लास पितील त्या दिवशी काम झालं. नवीन सत्त्व तयार झालं की त्या घरी यायच्या. एकदा सुमन म्हणाली, "आज पोतं वाळनं. पन पोतंच शे." मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पण मी बघत होतो. सुमनचे हात काटकीसारखे होत चालले होते आणि ग्लास भरलेलाच राहत होता.

एका सकाळी ताटात हिरव्या वाटाण्यांत एक पांढरा पडला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मॅडमचा चेहरा उजळला होता. मला तर काही येत नाहीय आज, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी त्या चिडल्या. तुम्हाला येतो म्हणायची सवय लागलीय, म्हणाल्या, नाक लावून हुंगा, आठवणीवरून हुंगू नका. वाटाण्याचं नवीन पोतं मागवलं, ग्लास बदलले, खोली धुवून घेतली. त्यांना वाटलं, आमच्या हातांना, कपड्यांना जुना वास चिकटलाय.

पुढच्या सकाळी ताटात एकच हिरवा वाटाणा होता. ज्योती आणि हसमुखभाई खाली बघत होते. मी काय समजायचं ते समजलो. एवढ्या शिकलेल्या बाईला येत नाही म्हणजे चूक आपलीच असणार, असं त्यांना वाटलं असावं. हिरवा माझा होता. मॅडमनी विचारलं, कुणाचा. मी सांगितलं, माझा. त्या माझ्याजवळ आल्या, अगदी पहिल्या दिवसासारख्या. मी पुन्हा तंबाखू धरली असेल म्हणून.

त्या दिवशी मी पहाटे सुमनला मशिनवर सोडून तिथूनच परस्पर आलो होतो. दवाखान्याच्या पायरीवर बसून शिळी भाकर आणि लसणाचा ठेचा खाल्ला होता. चूळ भरायलाही वेळ मिळाला नव्हता. सभेच्या आधी लसूण खायची सक्त मनाई होती. एकदा हसमुखभाईंना त्यापायी बाहेर बसवलं होतं. मी मनात म्हटलं, आता आपली पाळी.

मॅडमनी डोळे मिटले, मान तिरकी केली, वास घेतला.

"तोंड तर स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

मला माझ्याच तोंडाला लसणाचा वास येत होता. ज्योती चार हात लांब उभी होती, तिनं ओढणी नाकाला लावली होती.  मॅडम परत गेल्या, ताटातला हिरवा वाटाणा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिल्या, जणू दोष त्या वाटाण्यातच होता.

घरी येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. ती खाटेवर पडली होती. ऐकून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बोलावा तिले. तिनी माले सांगं व्हतं, आते मी सांगसू."

मॅडम रविवारी आल्या. सुमन उठून बसली, मला दोन वाट्या आणायला लावल्या, झाकलेल्या. मॅडमना वाटलं गंमत आहे. मावशी माझीच परीक्षा घेतायत, म्हणाल्या. पहिली वाटी हुंगली. दुसरी हुंगली. पुन्हा पहिली. माझ्या घरभर वास पसरला होता, शेजारीण दारातून डोकावून गेली की काय शिजतंय. मॅडम हसत म्हणाल्या, दोन्हीत पाणी.

"एकमा हिंग शे," सुमन म्हणाली. "तुमले वास येस नही, बाई. डॉक्टरले दखाडा."

मॅडमनी वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग वाटी खाली ठेवली. बाहेर गल्लीत कापड विणायचे लूम चालू होते, त्यांचा खडखडाट तेवढा येत होता. त्यांनी मला विचारलं, काका, तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं, लसणाच्या दिवसापासून. कुठला लसूण, त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना कळलं.

आधी त्या सर्दीच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यानं मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. मी सोबत होतो. मोठ्या डॉक्टरनं नाकाकडे बघितलंसुद्धा नाही. बोटं मिटायला उघडायला लावली, व्हरांड्यात चालायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला लावली. ओळ सुरुवातीला मोठी होती आणि शेवटाकडे मुंगीएवढी झाली. बाहेर बाकावर बसल्यावर मॅडमनी मला सांगितलं. कंपवाताची सुरुवात आहे. हात अजून थरथरत नाही, पण थरथरेल. बऱ्याच जणांचं नाक हाताच्या कितीतरी आधी जातं, आणि कुणाला कळत नाही, कारण रोज नाक तपासून बघतो कोण, असं डॉक्टर म्हणाले.

"मी बघत होते," मॅडम म्हणाल्या. "मी रोज बघत होते, काका."

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. चालताना त्यांचा उजवा हात हलत नसे, अंगाला चिकटून राहायचा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर बारीक झालं होतं. ते कधीपासून तसं होतं, देव जाणे. हसमुखभाई म्हणायचे, मॅडम आजकाल गप्प असतात, रागावल्यात का. रागावल्या नव्हत्या. त्यांचा चेहराच हळूहळू कमी हलायला लागला होता.

शेठला सांगू नका, एवढंच त्यांनी मागितलं. एक मोठी कंपनी चव बघायला येणार होती. पास झालं तर काम पुढे चालणार होतं, नाहीतर शेठ वाटाणा बंद करून पुन्हा रंगाच्या धंद्यात जाणार होता. पण मॅडमच्या डोळ्यांसमोर कंपनी नव्हती. सुमनचा ग्लास होता, आणि सुमनकडे किती वेळ आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला म्हणाल्या, स्पिरिटच्या खोलीच्या दाराशी तुम्ही उभे राहा, तुम्ही हुंगा, तुम्ही चला म्हणाल तेव्हाच मी आत जाईन. मी तयार झालो. पलसाण्याला रंगाच्या उग्र वासात आयुष्य काढलेल्या माणसाचं नाक ते, आणि त्याच्या भरवशावर त्या आत जायच्या. मी दाराशी उभा राहून दोनदोनदा हुंगायचो आणि मगच चला म्हणायचो. यंत्र भिंतीवर मुकं होतं. त्याच्या आवाजाचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सवय अशी असते.

ते झालं तेव्हा मी तिथं नव्हतो. सुमनचा मशिनचा दिवस होता. हसमुखभाईंनी मला नंतर सांगितलं. मॅडमना घाई होती, त्या एकट्याच आत गेल्या. टाकीच्या खालची एक जोडणी सुटली होती आणि जमिनीवर सगळीकडे स्पिरिट पसरलं होतं. त्यांना वाटलं, फरशी धुतलीय. त्या त्यात उभ्या होत्या, साडीचा काठ भिजलेला, आणि पंपाच्या बटणाकडे हात गेला होता. हसमुखभाईंना बाहेरूनच उग्र वास आला. ते आत धावले.

"बेन, हाथ ना लगाडशो."

बटणाला हात लावू नका, एवढंच म्हणून त्यांनी मॅडमचा हात धरला आणि ओढत बाहेर आणलं. ते जुनं बटण होतं, दाबलं की आत निळी ठिणगी दिसायची.  हसमुखभाईंनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

मॅडम पायरीवर बसून राहिल्या. मग ज्योतीला बोलावलं आणि दोघांना सगळं सांगितलं. हसमुखभाईंना म्हणाल्या, आधी त्या यंत्राचा आवाज सुरू करा, माझ्यासमोर. ते कोकलायला लागलं. ते तसंच कोकलत असताना त्या म्हणाल्या, मी माझ्या नाकावर तुमचे जीव ठेवले होते. आणि उठून शेठकडे गेल्या.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला, ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, चहात मसाला बरोबर आहे ना. मॅडम म्हणाल्या, गरम आहे.

त्यांची जागा ज्योतीला मिळाली. मला सभेला ठेवलं. कंपनीचे लोक आले, प्यायले, बरं आहे म्हणाले, कळवतो म्हणाले. मॅडमनी जायच्या आधी शेवटचं सत्त्व स्वतः काढलं, हसमुखभाईंना आणि मला दोन्ही बाजूंना उभं करून. ते घेऊन त्या घरी आल्या.

सुमनला तेव्हा बसवत नव्हतं. मी तिला पाठीमागून धरलं. मॅडमनी ग्लासात सत्त्व कालवलं. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचा हात बघितला, चमचा ग्लासाच्या काठावर आपोआप वाजत होता. सुमनही बघत होती. तिनं ग्लास घेतला, सरळ ओठाला लावला आणि पिऊन टाकला. सगळा नाही, तळाला घोटभर राहिला. मग तोंड पुसलं.

"नही येस," ती म्हणाली. "चांगलं शे."

मॅडम सुमनचा हात हातात धरून बसल्या. त्या गेल्यावर मी ग्लास उचलला आणि तळाचा घोट घेतला. कमी होता, पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. पण होता. कच्ची शेंग. मी सुमनकडे बघितलं. जन्मात कधी तोंडदेखलं बोलली नाही ती बाई. माझ्या आईला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तिनं, तुमची भाजी खारट आहे. ती डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "इतलं एक खोटं माले पचस."

नाही पचलं. काहीच पचत नव्हतं. थोड्याच दिवसांत ती गेली. मशिनवर असताना, माझ्यासमोर. तिच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, ते माझं माझ्याजवळ राहू दे.

दहाव्याला मॅडम आल्या. बायकांत बसल्या, जेवल्या नाहीत. लोक उठल्यावर माझ्याजवळ आल्या. मॅडमनी विचारलं, काका, त्या दिवशी येत होता ना. मी खोटं बोललो नाही. येत होता, थोडा. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, मला कळलं होतं, मावशींनी ग्लास नाकाखालून नेलाच नाही, श्वास धरून प्यायल्या. मग म्हणाल्या, ज्योतीला सांगा, स्पिरिटची धुलाई आणखी एकदा वाढवून बघ. आणि आजारी माणसाकडून मत घेऊ नको, ते आपल्यावर दया करतात.

मी त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो. आमची चाळ खाडीच्या काठाला आहे. कधी कधी संध्याकाळी कुणीतरी टँकर आणून खाडीत काहीतरी ओततं आणि पळून जातं. त्या दिवशीही ओतलं असावं. मॅडम गल्लीत पोचल्या आणि वास आला. सडक्या अंड्यासारखा, डोक्यात जाणारा. गल्लीतल्या बायांनी पदर नाकाला लावले, पोरांना आत ओढलं, धडाधड दारं लागली. कुणीतरी खोकत होतं. बघता बघता गल्ली रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या गल्लीतून मॅडम खाडीच्या बाजूनं चालल्या होत्या. रिक्षा तिकडेच मिळते. मोकळ्या तोंडानं, सावकाश, उजवा हात अंगाला चिकटलेला. दारं का लागतायत ते बघत होत्या आणि चालत होत्या.

मी हाक मारली, "मॅडम, नाक झाका. तिकडून नका जाऊ."

त्या थांबल्या. वळून माझ्याकडे बघितलं. मी हातानं दाखवलं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, वेळ लागला, हात थरथरत होता. मग रुमाल नाकाला लावला, अगदी घट्ट, आणि मी दाखवलेल्या बाजूला वळल्या.